मावळतीकडची झडप

११ मार्च २०१३

चि. मनकर्णा,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे म्हणून तू हे उघडलं असशील. आप्पांचं असतं तर तसंच टेबलावर पडू दिलं असतंस. ते लिहीत नाहीत ते त्यामुळंच, असं समज.

फोनवर तू 'हं' म्हणतेस, मग 'मीटिंग आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राला मीटिंग नसते, म्हणून लिहायला बसले. घाबरू नकोस, रडगाणं नाही. काम आहे. संस्थेच्या हॉलमध्ये ऊन शिरतं, ते कसं थांबवायचं तेवढं सांग. घरं बांधायचं शिक्षण तुला दिलं ते कधीतरी आईच्याही उपयोगी पडू दे.

आपल्या शिवणकाम संस्थेत या वर्षी शाळांच्या गणवेशांचं काम भरपूर आहे. पाणी तेवढं नाही. टँकरचा भोंगा वाजला की सगळ्या जणी मशीन सोडून घागरी घेऊन पळतात आणि ओल्या पदरानं परत येऊन शिवायला बसतात. त्याची आता सवय झाली. पण दुपार कलली की बसता येत नाही. नऊच्या नऊ खिडक्यांतून ऊन सरळ आत येतं. पांढऱ्या कापडावर पडलं की डोळे दिपतात, सुई दिसत नाही. परवा एकीनं बोटावरूनच टीप घातली.

तू खिडक्यांवर छज्जे काढलेस ते चांगले आहेत, चिमण्यांनी घरटी केली आहेत. छज्जा दक्षिणेच्या उंच उन्हासाठी असतो, मावळतीचं ऊन त्याच्या खालून आत येतं, हे तू उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या गावासमोर ओरडून सांगितलं होतंस. ते पुन्हा समजावू नकोस. नकाशात हॉलची खिडक्यांची बाजू दक्षिणेला होती आणि बांधताना आप्पांनी ती मावळतीकडं फिरवली, हेही सगळ्यांना पाठ आहे. तुमचं बापलेकीचं त्यावरून जे झालं त्याला तीन वर्षं झाली. मी त्यात पडत नाही. मला फक्त ऊन थांबवायचं आहे.

आम्ही काय काय करून बघितलं ते सांगते, म्हणजे तू तेच सुचवणार नाहीस. आधी आतून पडदे लावले. ऊन एकदा काचेच्या आत आलं की घरजावयासारखं असतं, पडद्याआड बसतं पण जात नाही. मग निवडणुकीचे जुने फ्लेक्स खिडक्यांवर ठोकले. पुढारी बाहेर दात काढून उभे आणि आम्ही आत अंधारात. अंधार म्हणून ट्यूब लावायची, उकडतं म्हणून पंखा लावायचा, आणि दुपारची वीज आपल्याकडं असते कुठं?

मग दिवाळीनंतर आप्पांनी बाहेरून कडब्याच्या ताट्या बांधल्या. तेव्हा पहिल्यांदा हॉल गार झाला. ऊन बाहेरच अडवायचं असतं, एवढं आम्हाला कळलं. पण असल्या दुष्काळाच्या सालात कडबा खिडकीला बांधायचा म्हणजे थट्टाच. रतनबाई आहे ना, मेंढरं राखणाऱ्या म्हाळूची बायको, आता तिसऱ्या मशीनवर बसते, तिच्या शेळ्यांनी दोन खिडक्या खाल्ल्या. मी बोलले तर म्हणते, "बाई, तुमी खिडकीला कडबा बांधला तर शेळीनं काय वास घेऊन जावं व्हय?" मग तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, तुराट्यांच्या ताट्या केल्या. त्या शेळ्या खात नाहीत, पण त्यांनी सगळा उजेड खाऊन टाकला.

तर अशी अडचण आहे. उजेड यावा, डोळे दिपू नयेत, हॉल तापू नये आणि वीज लागू नये. चारही गोष्टी एकदम पाहिजेत. जमत असेल तर सांग, जमत नसेल तर तसं सांग.

आप्पा बरे आहेत. हल्ली बसून असतात.

हॉलच्या पायरीजवळच्या उद्घाटनाच्या दगडावरून तुझं नाव काढायला तू सांगितलं होतंस. आप्पांनी ते छिलून काढलं नाही, नुसता चुना फासायला लावला. दर उन्हाळ्यात तो चुना पडतो आणि 'मनकर्णा सुंदरराव' पुन्हा दिसायला लागतं. या वर्षी कुणी फासायला आलेलं नाही.

तुझी आई


२ एप्रिल २०१३

चि. मनू,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असणार, पुण्यात पोस्टमन असतात.

'आप्पा बरे आहेत' असं लिहिलं होतं ते खरं नव्हतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ते शेवटच्या खिडकीला तुराट्यांची ताटी बांधत होते. बांधता बांधता खाली बसले. आम्हाला वाटलं, दमले. मी पाणी घेऊन गेले तर तोंड वाकडं झालेलं, आणि उजव्या हातातली सुतळी सुटत नव्हती. अर्धांगाचा झटका. बीडला नेलं, तिथं ठेवलं, घरी आणलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं. डोळे आहेत तसेच आहेत, तुला माहीत आहेत तसले.

तुला तेव्हाच कळवणार होते. त्यांच्यासमोर तुझं नाव काढलं तर डाव्या हातानं 'नको, नको' करायला लागले. तोंड गेलं पण ताठा गेला नाही. मीही म्हटलं, बरं, तुमचं तुम्ही बघा. तीन महिने गप्प बसले. आता बसवत नाही.

त्यांची खाट आम्ही हॉलमध्ये आणली आहे. घरावर पत्रे आहेत, दुपारी भाजून निघतं माणूस. रतनबाईच म्हणाली, "घरात एकलेच पत्र्याकडं बगत पडत्यात. हितं आणा की त्यास्नी. आमचं चार बायांचं बोलणं तरी कानावर पडंल." शेवटच्या, नवव्या खिडकीशी खाट टाकली आहे. ज्या माणसासमोर बायका पदर सावरून उभ्या राहायच्या, त्याला आता त्याच बायका मशीनवरून उठून घोट घोट पाणी पाजतात. त्याचं त्यांना काही वाटत नाही, उलट बरं वाटत असावं.

त्यांची एक खूण ठरली आहे. डोळ्यावर ऊन आलं की डावा हात वर करतात. रतनबाई उठते, बाहेर जाऊन ताटी खाली सोडते. ऊन गेलं की हात खाली येतो. पाणी पाहिजे असेल तर ओठ हलवतात, कूस बदलायची असेल तर मान. हात फक्त उन्हासाठी.

आता दुसरी गोष्ट. ही आप्पा तुला कधी सांगणार नव्हते आणि आता सांगू शकत नाहीत.

तू अंगणवाडीत होतीस तेव्हा तुला मेंदूत ताप गेला होता. बीडच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. मी तुझ्या उशाशी होते आणि आप्पा दवाखान्यातून उठून अनवाणी नारायणगडावर गेले. ते देवाधर्माचे नव्हते, कारखान्याच्या राजकारणाचे होते. तिथं ते बोलून आले की लेक वाचली तर माझ्या हातानं पहिली जी सार्वजनिक इमारत उभी राहील, तिचं तोंड गडाकडं, मावळतीला असेल. तू वाचलीस. मग कित्येक वर्षं त्यांच्या हातून काही उभं राहिलंच नाही, नुसत्या निवडणुका झाल्या. आणि पहिली इमारत उभी राहिली ती नेमकी तू काढलेली.

मी त्यांना म्हटलं होतं, गडाला काय करायचंय कुठल्या खिडकीचं तोंड कुठं आहे ते, आणि निदान पोरीला विचारा. तर म्हणाले, "नवस ज्याच्यासाठी बोलला त्याला सांगितला की फिटत न्हाई. आन् तिला काय सांगू, तू मरत होतीस म्हनून?" असं हे. तू जगलीस म्हणून त्यांनी हॉल फिरवला, आणि हॉल फिरवला म्हणून तू गेलीस. तू उद्घाटनाच्या दिवशी 'ही इमारत माझी नाही' म्हणालीस तेव्हा त्यांनी तोंडातून शब्द काढला तो एकच, "मग तू बी आमची न्हाईस." त्यानंतर ते घरी येऊन जेवले नव्हते, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

चूक कुणाची ते मी काढत बसत नाही. ये. पत्र मिळालं की ये. खिडक्यांचं राहू दे.

आई


२१ एप्रिल २०१३

मनकर्णा,

नकाशा मिळाला.

मी तुला बोलावलं होतं.

एवढा मोठा कागद, त्यावर नऊ खिडक्या, प्रत्येक पट्टीचं माप, बिजागरी कुठं, दोरी कुठं, कप्पी कुठं, आणि कोपऱ्यात दोन ओळी. 'झडपा काचेच्या बाहेरून लावा. सकाळी पूर्ण वर ठेवा, दुपारनंतर ऊन उतरेल तशा खाली सोडा.' त्यात आई नाही, आप्पा नाहीत, तुझं बरं आहे की वाईट तेही नाही. औषधाच्या बाटलीवरसुद्धा याहून जास्त लिहिलेलं असतं. मी तो कागद घडी घालून पेटीत टाकला.

संध्याकाळी पुन्हा काढला. मग दिसलं. तू हॉल फिरवलेला काढला आहेस. जसा उभा आहे तसा. नकाशाच्या कडेला तुझ्या हातानं 'मावळत' लिहिलं आहेस, खिडक्यांच्या बाजूला. तीन वर्षांत एवढं अंतर तू चाललीस, आणि पुढं पुण्याहून इथवरचं राहिलं.

आप्पांना दाखवला. नुसता डोळ्यांसमोर धरला. त्यांनी डाव्या हातानं ओढून घेतला आणि छातीवर ठेवला. देईनात. मुंजाजी सुतार मापं घ्यायला आला, तर तो बिचारा खाटेशेजारी उकिडवा बसून, आप्पांच्या छातीवरच्या कागदावरून मापं घेत होता. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आम्ही सगळ्या शिवत होतो, कुणी मान वर केली नाही.

मुंजाजीनं मला विचारलं, "बाई, झडप करायची तर फळी ठोकून सरळ करू की. ह्या पट्ट्या अशा तिरप्या कावून?"

मी म्हटलं, "फळी ठोकली तर अंधार होतो, ट्यूब लावावी लागते. तिरप्या पट्टीवर ऊन आपटतं आणि बाहेरच राहतं. आत नुसता त्याचा उजेड येतो." तुझ्या कागदावर वाचलं होतं ते सगळं माझंच असल्यासारखं सांगितलं.

तो म्हणाला, "पोरगी लई हुशार हाय. हिकडं न येता हिकडचं ऊन मोजलंया तिनं."

खरंच आहे ते.

लाकडासाठी बाहेर जावं लागलं नाही. बैल चारा छावणीत आहेत, गोठा रिकामा. त्याचं आढं काढलं. गोठा मोडताना त्यांना दिसू नये म्हणून आप्पांची खाट दुसऱ्या बाजूला वळवली, पण आवाज कळत असणार.

रागानं लिहिते आहे हे दिसतंच आहे तुला. राग आहे. तरी ये.

आई


८ मे २०१३

चि. मनू,

झडपा लागल्या. आधी ते सांगते, कारण तू केलेल्या कामाचं श्रेय तुला द्यायलाच पाहिजे, तुझ्याशी बोलावं की न बोलावं हा भाग निराळा.

सकाळी नऊही वर असतात, दोरीनं वर ओढलेल्या, छज्ज्याखाली दुसरे छज्जे लावल्यासारख्या. जेवणं झाली की रतनबाई आणि मी दोऱ्या सैल करत जातो. ऊन खाली उतरतं तशी झडप खाली येते. पूर्ण खाली आली तरी हॉल अंधारत नाही. ताक घुसळल्यावर लोणी वर येतं तसा एक मऊ पांढरा उजेड येतो. सुई दिसते, कापड दिसतं, आणि कुणाचे डोळे चोळणं नाही. काचेला हात लावला तर काच गार. वीज कधी येते आणि कधी जाते ते आम्हाला हल्ली कळतही नाही, ट्यूबचं बटण कुणी दाबतच नाही. चार गोष्टी मागितल्या होत्या, चारही दिल्यास. रतनबाई म्हणते, "मनकर्णाताई आली की तिला नव्या खणाची चोळी शिवीन, माज्या हातानं." तिनं खण बाजूला काढून ठेवला आहे. चौसाळ्याच्या बाजारातून आणलेला, मोरपंखी.

आता नवव्या झडपेचं. ती आम्ही इतरांबरोबर खाली सोडत नाही.

पहिल्या दिवशी नऊही सोडल्या तर आप्पा कासावीस व्हायला लागले. मान खिडकीकडं, तोंडातून नुसता घरघर आवाज. बायका म्हणाल्या, गडाची दिशा दिसंना म्हणून असंल. झडप वर केली, शांत झाले. मग चौसाळ्याची एसटी फाट्यावर येऊन थांबली. तुला माहीत आहे, त्या खिडकीतून फाटा समोर दिसतो. कोण कोण उतरलं ते आप्पांनी एकेक करून बघितलं. एसटी गावात गेली आणि मग त्यांनी डोळे मिटले, हात वर केला. आता सोडा, म्हणून.

गडबीड काही नव्हतं गं. ते रस्ता बघत होते.

तेव्हापासून असं ठरलं आहे. आठ झडपा खाली, नववी एसटी येऊन जाईपर्यंत वर. तेवढा वेळ मावळतीचं सगळं ऊन त्यांच्या तोंडावर पडतं. डोळ्यांतून पाणी गळतं, पण हात वर करत नाहीत. एसटी गेली की करतात.

कालच तेवढं वेगळं झालं. ऊन फारच होतं. एसटी थांबते न थांबते तोच त्यांनी हात वर केला, आणि तोंडानं मोठमोठ्यानं आवाज काढायला लागले, आजवर एवढा काढला नव्हता. मी कापड बेतत होते, खिडकीकडं पाठ होती. वळून बघितलं तर ऊन डोळ्यात गेलं, मला धड काही दिसेना. रतनबाई धावली आणि तिनं झडप सोडली. तरी आवाज थांबेना आणि हात खाली येईना. तिनं डोळ्यांवर ओला पंचा ठेवला, तो त्यांनी झटकला. हात तसाच वर. शेवटी मी तो धरून खाली घेतला. रात्री जेवले नाहीत. उन्हाचा त्रास झाला असावा. आता नववीही लवकर सोडावी की काय, अशा विचारात आहे.

तू ये. एकदा त्या एसटीतून उतर, एवढंच. घरी थांबू नकोस वाटलं तर.

आई


१९ मे २०१३

मनकर्णा,

आप्पा परवा सकाळी गेले.

तुझ्या ऑफिसात फोन केला होता. एक मुलगा म्हणाला, मॅडम साइटवर आहेत, निरोप देतो. दिला असेल.

लोक म्हणत होते, उन्हाच्या आत उरकू. मी म्हटलं, एसटी येऊ द्या. अख्खं गाव हॉलच्या सावलीत बसून राहिलं. एसटी आली. कापसाची गाठोडी घेऊन दोघे उतरले आणि एक म्हातारी उतरली. मग उचलले.

मागच्या पत्रात लिहिलं त्या दिवसानंतर त्यांनी हात वर केला नाही. झडप वर असली तरी डोळ्यावर ऊन येऊ द्यायचे. एसटीकडंही बघत नव्हते.

नकाशा त्यांच्याबरोबर दिला. तुला विचारलं नाही.

आई


९ जून २०१३

मनू, माझे बाई,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवत नाही.

तू लिहितेस की सात मेला तू आली होतीस. कुणाला न कळवता. फाट्यावर उतरलीस, हातात पिशवी होती, पाय पुढं पडत नव्हते म्हणून तिथंच उभी राहिलीस. तिथून तुला आठ झडपा दिसल्या, खाली उतरलेल्या, आणि नववी वर. त्या उघड्या खिडकीत लख्ख ऊन होतं आणि त्या उन्हात खाटेवर आप्पा, एवढेसे झालेले. त्यांनी तुझ्याकडं बघितलं. तू पिशवी खाली ठेवलीस. त्यांनी हात वर केला, आणि झडप खाली आली.

ती खूण तुला माहीत होती. मीच लिहून कळवली होती, हात फक्त उन्हासाठी म्हणून. तुला वाटलं, मला बघून त्यांनी खिडकी बंद करायला लावली. गावातून वळून आलेल्या त्याच एसटीत बसून तू गेलीस. त्यानंतर आलेलं माझं आठ तारखेचं पत्र तू उघडलं नाहीस. ते गेले तेव्हा निरोप मिळूनही आली नाहीस, कारण ज्यांनी जिवंतपणी दार लावलं त्यांचं तोंड मेल्यावर कशाला बघू, असं तुला वाटलं. हे सगळं तू लिहिलं आहेस. बरं केलंस लिहिलंस. नाहीतर मी मरेपर्यंत तुला शिव्याच दिल्या असत्या.

आता माझं ऐक.

ते ऊन लागल्याचा हात नव्हता. ऊन गेलं की त्यांचा हात खाली यायचा. एकदाही चुकलं नाही, मशीनवरची कुणीही बाई सांगेल. त्या दिवशी झडप पुरती खाली आली, ऊन गेलं, आणि हात वरच राहिला. ते ओरडत होते, मनू. 'म' काढायला बघत असतील, मला कळलं नाही. त्यांच्याकडं एकच हात राहिला होता आणि त्या हाताला आम्ही एकच अर्थ दिला होता. तो त्यांनी तुझ्यासाठी वर केला आणि आम्ही झडप सोडली. ते तुला बोलावत होते गं. तुला बोलावत होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर झडप खाली आली, आणि ती वर करा हे सांगायला त्यांच्याकडं काही नव्हतं. झडप तर वर करता आली असती आम्हाला. एक दोरी ओढायची होती.

आणि मी वळून बघितलं होतं. रस्त्यावर कुणीतरी उभं होतं, काळं काळं. ऊन डोळ्यात होतं. माझ्या पोटची पोर मला ओळखू आली नाही.

रतनबाईला मी हे सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तिनं त्यांना घास भरवले, त्यांचं सगळं केलं, नात्यातलं कुणी करणार नाही असं. 'आप्पास्नी ऊन लागत व्हतं' एवढंच तिला माहीत असू दे. तू आलीस तर तूही बोलू नकोस. तिनं तो मोरपंखी खण अजून कुणाला दिलेला नाही.

तुला मी दोष देत नाही, त्यांनाही नाही. तुम्ही दोघं सारखीच. त्यांनी हॉल फिरवला आणि का ते सांगितलं नाही, तू रस्त्यावर येऊन उभी राहिलीस आणि हाक मारली नाहीस. एक हाक मारली असतीस तर मी पळत आले असते गं, मला काय कमी ऐकू येतं?

नववी झडप मी वर करून दोरीला गाठ मारून टाकली आहे. मुंजाजी म्हणाला, "बाई, मग एवढी घासूनपुसून केली ती कावून?" खिडकीजवळचं मशीन पलीकडं सरकवलं, कारण तिथं आता कुणाला शिवता येत नाही. बाकी आठांत हॉल तुझ्या मनासारखा चालला आहे. पाऊस अजून नाही. चुना पडला आहे, तुझं नाव दिसतं, आता ते कुणी झाकणार नाही.

रोज एसटीच्या वेळेला मी त्या खाटेवर जाऊन बसते. ऊन सरळ डोळ्यावर येतं, येऊ देते. पण त्या उन्हात उतरणारी सगळी माणसं मला काळीच दिसतात, कोण कुठलं ते कळत नाही. तेव्हा तू उतरलीस की तिथंच रस्त्यात उभी राहा आणि हात वर कर. मी ओळखीन. झडप आता खाली येत नाही.

तुझी आई